वाचकांचे प्रश्न : मॉन्टगोमेरीची बस आणि भाऊसिंगजी रोडवरचा चहा

गेल्या अंकात अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीवर लेख आल्यापासून या सदराकडे त्याच विषयावरची बरीच पत्रे आली आहेत. पुढाऱ्यांची नावे आम्हाला माहीत आहेत, पण त्यांच्यामागून चालणारी माणसे कोण होती आणि त्यांचे पुढे काय झाले, असा त्या पत्रांचा सूर आहे. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. काही पत्रे लांबल्यामुळे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी रोझा पार्क्स यांच्यावर भाषण तयार करते आहे. तिला मिळालेल्या मजकुरात असे लिहिले आहे की, दिवसभर शिवणकाम करून दमलेल्या या बाई बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत आणि त्यातून आंदोलन पेटले. एक दमलेली बाई उठली नाही, एवढ्यावरून एवढे मोठे आंदोलन उभे राहते का? (एक पालक, राजारामपुरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि मुलीने भाषणात तीच शंका मांडली तर ते भाषण इतरांपेक्षा उजवे होईल. रोझा पार्क्स यांनीच पुढे स्पष्ट केले आहे की, त्या दिवशी त्यांचे शरीर रोजच्यापेक्षा अधिक थकलेले नव्हते. थकवा होता तो सतत माघार घेण्याचा.

प्रसंग नीट समजून घ्यावा. १ डिसेंबर १९५५ ची संध्याकाळ, अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहर. बसमधील पुढच्या दहा जागा गोऱ्या प्रवाशांसाठी राखीव असत. मधल्या जागांवर कृष्णवर्णीयांना बसता येई, पण गोरा प्रवासी उभा राहिला की त्यांनी उठायचे असे. आपल्याकडे कोल्हापुरात केएमटीच्या शहरी बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा देण्यासाठी आपण उठतो तो सौजन्याचा भाग असतो. तेथे उठणे ही कातडीच्या रंगावरून केलेली सक्ती होती. त्या दिवशी गोरा माणूस एकच उभा होता, परंतु त्याच्या ओळीत कृष्णवर्णीय माणूस बसलेला चालत नसल्यामुळे चालकाने त्या ओळीतील चौघांनाही उठायला सांगितले. तिघे उठले. खिडकीजवळचा प्रवासी उठून बाहेर पडला तेव्हा ४२ वर्षांच्या पार्क्सबाईंनी त्याला वाट दिली आणि स्वतः खिडकीकडे सरकून पुन्हा बसल्या. याच चालकाने १९४३ मध्ये त्यांना बसमधून उतरवले होते, कारण पुढच्या दाराशी पैसे देऊन, खाली उतरून, मागच्या दाराने चढण्याचा नियम त्यांनी पाळला नव्हता.

मधल्या बारा वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या चिटणीस होत्या आणि अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल येथे कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. शहरही तयारीत होते. जो ॲन रॉबिन्सन या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिका होत्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका राजकीय मंडळाच्या अध्यक्षा होत्या. बसमधील वागणूक बदलली नाही तर लोक बसवर बहिष्कार घालतील, असा इशारा त्यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्राने दिला होता. पार्क्सबाईंच्या अटकेची बातमी कळताच त्याच रात्री त्या महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने पहाटेपर्यंत सायक्लोस्टाईल यंत्रावर बसवर बहिष्कार घालण्याचे आवाहन करणारी पत्रके काढत बसल्या. एकेका कागदावर तीन वेळा मजकूर उठवून नंतर त्याच्या पट्ट्या कापल्या, म्हणजे कागद वाचला. सकाळी हजारो पत्रके शाळांत, दुकानांत आणि केशकर्तनालयांत पोहोचली होती. नोकरी सरकारी पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयाची आणि कागद व यंत्रही त्याचेच, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रात्रीचा धोका कळतो.

आणखी एक नाव मुलीने अवश्य घ्यावे. क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी २ मार्च १९५५ रोजी, म्हणजे पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, अशाच कारणासाठी बसमधून ओढून नेली गेली होती. ती फार लहान आहे, गरीब घरची आहे, पुढे ती गरोदर राहिली, अशा कारणांनी पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केले नाही. पण ज्या खटल्यामुळे बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्यातील फिर्यादींमध्ये पार्क्सबाई नव्हत्या; ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि हीच मुलगी होती. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. कॉल्विन यांच्या नावावरची बालपणीच्या अटकेची नोंद पुसली जायला मात्र २०२१ साल उजाडले.

प्रश्न : मी बसवाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. आमचा संप चार दिवस चालला तरी गावाकडून येणारे लोक मेटाकुटीला येत. मॉन्टगोमेरीतील लोक ३८१ दिवस बसविना कसे राहिले? (एक निवृत्त वाहक, लाइन बाजार)

उत्तर : आपला प्रश्न अनुभवी माणसाचा आहे, कारण बहिष्काराची खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही, पाऊस पडतो त्या दिवशी होते.

५ डिसेंबर १९५५ ला बसवरील बहिष्काराला सुरुवात झाली तेव्हा कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसच्या भाड्याइतकेच, म्हणजे दहा सेंट घेऊन लोकांना नेले. किमान ४५ सेंट घेतलेच पाहिजेत असा नियम प्रशासनाने दाखवल्यावर तो मार्ग बंद झाला. मग स्वतःच्या गाड्या असणाऱ्यांनी त्या दिल्या आणि सुमारे ३०० गाड्यांचे जाळे उभे राहिले. कोणत्या चौकातून किती वाजता गाडी सुटेल याची वेळापत्रके झाली. विमा कंपन्यांनी या गाड्यांचा विमा रद्द केला तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवण्यात आला. ज्यांना गाडी मिळत नसे ते चालत, आणि त्यात गोऱ्यांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. बसच्या उतारूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश कृष्णवर्णीयच असल्यामुळे रिकाम्या बस रस्त्याने फिरत राहिल्या.

पेट्रोलला पैसे लागत आणि ते कोठून येत, हे सांगताना मला जॉर्जिया गिल्मोर यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या एका खानावळीत स्वयंपाकीण होत्या. त्यांनी ओळखीच्या बायका जमवल्या. कोणी कोंबडी तळून देई, कोणी सँडविच, कोणी केक, कोणी रताळ्याचे गोड पदार्थ, आणि ते सारे ब्यूटी पार्लर, लाँड्री, सभा अशा ठिकाणी विकून आलेले पैसे आठवड्याच्या सभेत मोजून दिले जात. बायकांच्या मालकिणींना सुगावा लागला तर काम जाईल, म्हणून त्यांनी आपल्या गटाला असे नाव दिले, ज्याचा अर्थ ‘कुठलेच नसलेले मंडळ’ असा होतो. पैसे कोठून आले असे कोणी विचारले तर ‘कुठूनच नाही’ हे उत्तर खरे ठरत असे. खुद्द गिल्मोरबाईंनी मार्च १९५६ मध्ये न्यायालयात बस कंपनीविरुद्ध उघडपणे साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी घरीच चूल मांडली आणि त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलाभोवती चळवळीतील मंडळी जेवू लागली.

म्हणून मला असे वाटते की, त्या शहरात एका व्यक्तीचे धाडस जितके मोठे होते, तितकीच मोठी गोष्ट ही होती की त्या धाडसाची किंमत हजारो लोकांनी आपसांत वाटून घेतली. कोणी पाय दिले, कोणी गाडी दिली, कोणी पीठ आणि अंडी दिली. जेथे ही वाटणी झाली नाही तेथे उभा राहिलेला माणूस एकटा पडला आणि मोडला. अशा एकट्या पडलेल्या माणसांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नाहीत.

प्रश्न : माझे वडील सफाई कामगार होते. पन्नाशी उलटली तरी वाड्यावरची पोरेसोरेसुद्धा त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारत. ‘मी माणूस आहे’ असे फलक गळ्यात अडकवलेल्या अमेरिकन कामगारांचे छायाचित्र मी पाहिले आणि ते डोळ्यांसमोरून जात नाही. ते कोण होते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ते टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराचे सफाई कामगार होते आणि ते छायाचित्र १९६८ सालचे आहे. आपल्या वडिलांना मारली जाणारी हाक आणि तो फलक यांचा संबंध आपण अचूक ओळखला आहे. तेथे नातवंडे असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषालाही गोरा माणूस ‘पोरा’ म्हणूनच हाक मारत असे, आणि ‘मी माणूस आहे’ हे त्या हाकेला दिलेले उत्तर होते.

त्या कामाचे स्वरूप आपल्याला सांगायला नको. घराच्या मागच्या अंगणातून कचरा टबात भरून तो डोक्यावर किंवा खांद्यावर वाहून न्यावा लागे. टब गळके असत आणि त्यातील घाण पाणी अंगावर ओघळे. पूर्णवेळ काम करूनही अनेकांना गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर घर चालवावे लागत होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मुसळधार पावसात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले, आणि कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू होऊन दोघेही त्यात चिरडले गेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १३०० कामगार कामावर गेले नाहीत. शहराने संप बेकायदा ठरवला, पोलिसांनी मोर्चावर डोळ्यांची आग करणारा फवारा मारला, तरी ते रोज एका रांगेत, फलक छातीशी धरून चालत राहिले.

त्यांना पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी मेम्फिसमध्येच हत्या झाली, हे जगाला ठाऊक आहे. १६ एप्रिल रोजी शहराने कामगारांची संघटना मान्य केली आणि पगारवाढ कबूल केली, हे त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या वडिलांचे नाव आपण पत्रात लिहिले आहे. या सदराच्या नियमामुळे ते छापता येत नाही, परंतु ते मी आदराने वाचले.

प्रश्न : या चळवळीचा महाराष्ट्राशी काही प्रत्यक्ष संबंध होता का, की गांधीजींचा प्रभाव होता एवढेच? (एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : प्रत्यक्ष संबंध होता. जुना धागा पाहायचा तर जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते, आणि १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केल्या गेलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. परंतु माणूस म्हणून मला अधिक भावतात ते जेम्स लॉसन.

कोरियातील युद्धाच्या काळात सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे तरुण वयात एक वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढलेले हे कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ १९५३ मध्ये नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षे राहिले. मुलांना खेळ शिकवणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. अहिंसक प्रतिकाराचा अभ्यास ही त्यांची ओढ होती. मॉन्टगोमेरीतील बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती नागपुरातील एका वृत्तपत्रात. परत गेल्यावर १९५७ मध्ये ओहायोत त्यांची किंग यांच्याशी भेट झाली आणि किंग यांनी त्यांना ताबडतोब दक्षिणेत येण्याचा आग्रह केला.

नॅशव्हिल शहरात लॉसन यांनी जे केले त्याला मी तालीम म्हणेन, आणि कोल्हापूरकराला तालीम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. चर्चच्या खोलीत विद्यार्थी जमत. काही जण उपाहारगृहात शांतपणे बसलेले ग्राहक होत, तर काही जण त्यांना छळणारे गोरे होत. हे छळणारे शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, अंगावर पेय ओतत, खुर्ची ओढून माणसाला खाली पाडत. पडलेल्याने डोके कसे झाकावे, हात उगारावासा वाटला तर काय करावे, शेजारच्यावर मार पडू लागला तर मध्ये कसे जावे, हे पुन्हा पुन्हा घोटले जाई. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या खाद्यगृहात जाऊन बसले, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नॅशव्हिलचे विद्यार्थीही बसले. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला आणि पोलिसांनी हल्लेखोरांऐवजी त्यांनाच, सुमारे ऐंशी जणांना, पकडून नेले. एक तुकडी गाडीत घातली की बाहेर थांबलेली दुसरी तुकडी येऊन त्याच स्टुलांवर बसे. १० मे रोजी शहरातील त्या खाद्यगृहांनी सर्वांना जागा द्यायला सुरुवात केली. लॉसन स्वतः शिकत होते त्या विद्यापीठाने मात्र त्यांना मार्चमध्येच काढून टाकले होते.

याच लॉसन यांनी आठ वर्षांनी मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समितीचे नेतृत्व केले आणि किंग यांना तेथे बोलावले. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : या चळवळीत सर्वांत लहान कोण होते? माझ्या नातवाने विचारले आहे. (एक आजोबा, मंगळवार पेठ)

उत्तर : सर्वांत लहान कोण हे ठरवणे अवघड आहे, पण नातवाला रूबी ब्रिजेस यांची गोष्ट सांगावी. १४ नोव्हेंबर १९६० रोजी, सहा वर्षांच्या वयात, न्यू ऑर्लिन्समधील फक्त गोऱ्यांच्या शाळेत ती सरकारी अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात गेली. इतर पालकांनी आपली मुले काढून घेतल्यामुळे वर्षभर त्या वर्गात ती आणि बार्बरा हेन्री या शिक्षिका अशा दोघीच होत्या. हेन्रीबाई तिच्याशेजारी बसून, जणू वर्ग भरलेला आहे अशा रीतीने, रोज शिकवत राहिल्या. मुलीला शाळेत पाठवल्याबद्दल तिच्या वडिलांची नोकरी गेली.

प्रश्न : अमेरिकेतील उदाहरणे कशाला? आपल्या करवीर नगरीत अशी सामान्य माणसे नव्हती का? आणि वर्णभेद व जातिभेद एकच मानायचे का? (एक वाचक, उत्तरेश्वर पेठ)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. दोन्ही एकच नाहीत. वर्णभेद माणसाच्या कातडीवर दिसतो, जात नावावरून, गावावरून, आडनावावरून शोधून काढली जाते. अमेरिकेत त्यामागे गुलामांच्या खरेदी-विक्रीचा इतिहास आहे, आपल्याकडे विटाळाची कल्पना आणि तिला धर्माचा आधार दिलेला आहे. परंतु पाणी, बसायची जागा, खाण्याचे भांडे आणि मुलांची शाळा या चार ठिकाणी दोन्हींचा व्यवहार विलक्षण सारखा दिसतो, आणि दोन्हीकडे लढायाही त्याच चार ठिकाणी झाल्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गंगाराम कांबळे. राजवाड्याच्या पागेत ते नोकरीला होते. मराठा नोकरांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याला स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर हकिगत कळताच त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल दिले. त्यातून भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल उभे राहिले. मालक कोणत्या जातीचा आहे हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही घ्यायला लावू लागले.

ही गोष्ट आपण महाराजांच्या थोरवीची म्हणून सांगतो आणि ती थोरवी खरीच आहे. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, धर्मशाळा यांतील शिवाशिव बंद करण्याचे हुकूम काढणारे आणि मार्च १९२० मध्ये माणगाव येथील अस्पृश्यांच्या परिषदेत तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे खुलेपणाने स्वागत करणारे ते राजे होते. पण ज्या सकाळी महाराज येणार नसत, त्या सकाळीही गंगारामांना दुकानाच्या फळ्या काढून, चूल पेटवून, भर रस्त्यावर आधण ठेवून बसावे लागत असणार. मार खाल्लेल्या माणसाने गावाबाहेर न जाता गावाच्या मध्यावर कपबशा मांडून बसणे, यातील धैर्याकडे आपले लक्ष कमी जाते. राजाने त्या धैर्याची किंमत स्वतःची प्रतिष्ठा घालून वाटून घेतली, म्हणून ते हॉटेल टिकले.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटमध्ये धुणी-भांडी करणाऱ्या ताईंनी लिफ्ट वापरू नये, असा अलिखित नियम आहे. त्या गुडघेदुखी असूनही चार मजले चढतात. माझ्या घरी सासूबाईंनी त्यांच्यासाठी कपही वेगळा ठेवला आहे. मला हे सहन होत नाही, पण बोलले तर मीच वाईट ठरेन. काय करावे? (एक गृहिणी, ताराबाई पार्क)

उत्तर : आपले पत्र मी दोन वेळा वाचले. माझ्या लहानपणी आमच्या गावातील चहाच्या हॉटेलच्या मागच्या भिंतीला खिळे होते आणि त्यांना कान तुटलेले तीन-चार कप टांगलेले असत. माझा एक वर्गमित्र आपला कप स्वतः काढून घेई, त्यात वरून चहा ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर तो कप विसळून पुन्हा खिळ्याला अडकवी. मी आत बाकावर बसून हे रोज पाहत होतो आणि एकदाही काही बोललो नाही. त्याचे ओझे अजून उतरलेले नाही.

कप घरातला आहे, तेव्हा तेथून सुरुवात करावी. सासूबाईंशी वाद घालण्याआधी आपण स्वतः ताईंबरोबर एकाच प्रकारच्या कपातून, समोरासमोर बसून चहा घ्यावा, आणि सासूबाईंनी विचारले तर शांतपणे कारण सांगावे. त्या वडीलधाऱ्या आहेत. त्यांचा मान राखूनही ही गोष्ट ठामपणे करता येते.

लिफ्टचा विषय मात्र एकटीने काढू नये. प्रथम ताईंना विचारावे, कारण आपण बोललात आणि कोणी रागावले तर आपल्याला टोमणे बसतील, त्यांचे मात्र काम जाईल. त्यांची तयारी असेल तर ज्या ज्या घरी त्या काम करतात तेथील बायकांशी बोलून, काहीही झाले तरी त्यांचे काम सुटणार नाही असा शब्द आधी घ्यावा. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि जातीवरून असा मज्जाव करणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. मॉन्टगोमेरीचा बहिष्कार सुरू झाला त्याच वर्षीचा हा कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. जातीचा उल्लेख न करता ‘कामवाल्यांसाठी’ म्हणून केलेला नियमही तितकाच अपमानकारक आहे, हे बैठकीत सांगावे. विषय सोसायटीच्या सचिवांकडे लेखी द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल आणि ‘बघू नंतर’ म्हणून टाळता येणार नाही. त्या अर्जावर सही एकट्या आपली असू नये. निदान तीन-चार घरांच्या सह्या झाल्याशिवाय तो देऊ नये.